एकच प्याला नाटकातील नाट्यपूर्ण ताण

एकच प्याला हे राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे पाच अंकी संगीत नाटक मराठी रंगभूमीवरील प्रमुख शोकांतिकांपैकी एक मानले जाते. सुधाकर व सिंधू या परस्परांवर जीव असलेल्या दांपत्याचा दारूमुळे झालेला नाश हा त्याचा विषय आहे. शेवटाची चाहूल प्रेक्षकाला जवळजवळ प्रारंभापासून लागलेली असूनही नाटकाची पकड सुटत नाही, हे त्याच्या रचनेचे वैशिष्ट्य होय.

== पार्श्वभूमी ==
गडकरी नाट्यलेखनात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांना गुरू मानत. कोल्हटकरांनी बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव व जळगाव (जामोद) येथे वकिली केली. त्यांच्या नाटकांतील उत्कंठा मुख्यतः रहस्यावर उभी असते. वेषांतर, लपविलेली ओळख, जन्माचे गूढ ही त्यांची आवडती साधने. 'गुप्तमंजूष' आणि 'जन्मरहस्य' ही नावेच ते सांगतात. मद्यपानाचा विषय त्यांनी 'मूकनायक' (१९०१) मध्ये हाताळला होता. परंतु तेथेही नायक मुका असल्याचे सोंग घेतो आणि प्रेक्षकाचे कुतूहल त्या सोंगाभोवती फिरते. रहस्य उलगडले की असा ताण संपतो. शिष्याने तोच विषय घेताना काहीही लपविले नाही.

== ताणाची उभारणी ==
नाटकाचे शीर्षक हाच ताणाचा पहिला धागा आहे. 'एकच' या शब्दात सुधाकराला मर्यादा दिसते, तर प्रेक्षकाला आरंभ दिसतो. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे, या नाट्यगत उपरोधावर पुढील सारे प्रसंग उभे आहेत.

सुधाकर हा बुद्धिमान पण अतिशय मानी वकील. न्यायालयातील खटक्यानंतर त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. हा अपमान विसरावयास त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. त्याला आवरू शकणारा स्नेही रामलाल त्या वेळी जवळ नसतो. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त, किंवा देवलांनी केलेल्या त्याच्या 'झुंझारराव' या रूपांतरात, प्रेमाचा घात करणारा कपटी पुरुष प्रेक्षकाला बोट दाखविता येईल असा समोर असतो. तळीराम तसा खलपुरुष नाही. तो स्वतःच दारूचा बळी आहे. त्यामुळे संघर्ष सुधाकराच्या मनातच राहतो. तो सुधारू इच्छितो, आणि नेमके हेच ताणाचे मूळ आहे. निव्वळ दुर्जनाच्या अधःपाताने कोणाचा श्वास अडकत नाही.

दुसरा ताण सिंधूच्या निष्ठेचा. ती माहेरचा आधार नाकारते, दळण दळून घर चालविते. तिने घर सोडले असते तर ती आणि मूल वाचले असते, ही जाणीव प्रेक्षकाला अस्वस्थ करते. पण तिचे प्रेमच तिला जाऊ देत नाही. अखेरीस नशेतील सुधाकराच्या हातून मुलाचा मृत्यू होतो, जखमी सिंधू मरतानाही पतीचा अपराध झाकते आणि सुधाकर विष मिसळलेला प्याला घेतो. तिच्या या पतिनिष्ठेचे उदात्तीकरण आजच्या वाचकाला खटकते. तथापि नाट्यदृष्ट्या तो दोष म्हणता येत नाही, कारण बाहेर पडण्याचा मार्ग उघडा असूनही तो न घेतला जाणे हीच येथील शोकात्मता आहे. तो मार्ग खरा आहे हे भगीरथाच्या उपकथानकातून दिसते: तोही मद्यपी, पण व्यसनातून सुटतो.

== विनोद ==
तळीरामाच्या 'आर्यमदिरामंडळा'चे प्रवेश हे केवळ विरंगुळ्याचे नाहीत. तेथे प्रेक्षक ज्या गोष्टीला हसतो तीच पुढल्या प्रवेशात सुधाकराच्या घरात शिरलेली दिसते. मात्र कोट्यांचा आणि अलंकारांचा सोस गडकऱ्यांना आवरला नाही. आणीबाणीच्या क्षणीही पात्रे लांबलचक, घोटीव वाक्ये बोलतात. कोल्हटकरांचा हा वारसा शिष्याकडे पुरता उतरला होता.

== रंगमंचावर ==
२३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकऱ्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू व गणपतराव बोडस सुधाकर झाले होते, पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली. पदांना 'वन्समोअर' मिळत गेल्याने प्रसंगाची गती खुंटे, हा संगीत नाटकाचा नेहमीचा पेच येथेही होता. मात्र ठिगळांच्या लुगड्यातील बालगंधर्वांची सिंधू शब्दांवाचूनही घराची दैना दाखवीत असे.