हुरडा : कापसाच्या मुलखातील ज्वारीची कहाणी

#थ्रेड

१/ हिवाळ्याची चाहूल लागली की यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबे मुलाबाळांसह शेतावर हुरडा खायला जातात. या सहलीला आज ‘हुरडा पार्टी’ म्हणतात. मात्र ज्या पिकावर ही सहल उभी आहे, ती ज्वारी इथल्या शिवारातून जवळपास हद्दपार झाली आहे. हे कसे घडले?

२/ हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा दाणा. दाण्यात चीक भरून तो घट्ट होऊ लागतो, पण वाळलेला नसतो, असे दिवस मोजकेच. त्या दिवसांत कणसे आगटीत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात आणि गरम असतानाच चोळून दाणे सोडवतात. सोबत चटणी, गूळ, दही. हुरडा फार काळ टिकत नाही. म्हणून माणसांनाच शेतात बोलवावे लागे.

३/ पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात ज्वारी मुख्यतः रब्बीची, त्यामुळे तिथला हुरडा पौष-माघातला. विदर्भातली ज्वारी प्रामुख्याने खरिपाची. तिचा हुरडा कार्तिक-मार्गशीर्षात येतो. त्यासाठी ‘वाणी’ या गोड दाण्याच्या ज्वारीला विदर्भात विशेष मान.

४/ कार्तिकातच आवळी भोजनाची प्रथा आहे : आवळ्याच्या झाडाखाली सहकुटुंब जेवण. म्हणजे ‘सहल’ हा शब्द रूढ होण्यापूर्वीही घराबाहेर, झाडाखाली, शेताच्या बांधावर एकत्र जेवण्याचा ऋतू ठरलेला होता. तो पंचांगाइतकाच पिकाने ठरवलेला होता.

५/ ज्वारी हा या अर्थव्यवस्थेचा कणा होता. दाण्याची भाकर माणसांना, कडबा बैलांना. सालदाराच्या मोबदल्यात ज्वारीचा वाटा असे; बलुतेदारांचे हक्कही खळ्यावर धान्यात चुकते होत. उरलेले धान्य पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, पुढच्या वाईट वर्षासाठी साठवले जाई.

६/ १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडचाच भाग. पुढे तो वणीच्या नावाने ओळखला जाई, १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्लंडची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली.

७/ कापसावर देखरेख ठेवण्यासाठी रिव्हेट-कारनॅकसारखे खास कॉटन कमिशनर नेमले गेले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग झाला. पुढे ‘शकुंतला’ म्हणून लाडकी ठरलेली ती गाडी मुळात कापसासाठीच धावू लागली होती.

८/ तरीही ज्वारी लगेच गेली नाही. कापसाची शेती बैलांवर आणि बैल कडब्यावर, त्यामुळे दोन्ही पिके शेजारी नांदली. पण गावाचे पोट आता बाजारभावाशी बांधले गेले. १८९९-१९०० च्या दुष्काळात पिके बुडाली, धान्य महागले. सर्वाधिक हाल झाले ते ज्याच्याकडे ना शेत ना पेव, त्या मजुराचे. कापूस पैसा देतो. पण तो खाता येत नाही.

९/ खरा ऱ्हास स्वातंत्र्यानंतरचा. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ ही संकरित ज्वारी आली. उत्पादन वाढले, पण लवकर पिकणारे कणीस परतीच्या पावसात सापडू लागले. भिजलेला दाणा काळा पडे आणि भाव कोसळे. दरम्यान रेशनचा गहू-तांदूळ ताटात आला. पुढे सोयाबीन पसरले आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली.

१०/ ट्रॅक्टर आले, बैल घटले, तशी कडब्याची गरजही ओसरली. शिवारभर ज्वारी असे तेव्हा पाखरांचे नुकसान सर्वांत वाटले जाई; एकट्या शेतावर मात्र सगळे थवे उतरतात. रात्री रानडुकरे आणि रोही. गोफण घेऊन राखण करणारा, जागलीला माळ्यावर झोपणारा माणूस आता मिळत नाही. म्हणून ज्वारी जितकी कमी, तितकी ती पिकवणे अवघड.

११/ आता हुरडा परततो आहे, पण पर्यटनाच्या वाटेने. बारामतीजवळ २००५ मध्ये कृषी पर्यटनाचा संघटित प्रयोग सुरू झाला. २०२० मध्ये राज्याने त्यासाठी धोरण मंजूर केले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘पीडीकेव्ही कार्तिकी’ हे वाण दिले. पूर्वीचा पाहुणा आता ग्राहक झाला. यात शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील, तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

१२/ परंतु या मेजवानीचा मूळ अर्थ विसरू नये. धान्य खळ्यावर जाण्याआधी, सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या काट्यावर चढण्याआधी, त्याचा पहिला घास घरच्यांचा आणि आल्यागेल्याचा असे. कापसाच्या पिकात असा घास नसतो. म्हणून हुरड्याला गेलेल्या मुलांना आगटीबरोबर भोवतालचे शिवारही दाखवावे : ज्वारीच्या ओळी किती, कापूस किती. दीडशे वर्षांचा इतिहास तिथेच उभा आहे.

#यवतमाळ #वऱ्हाड #हुरडा