लिनक्स, संगीतकार आणि मिलिसेकंदांचा हिशेब

संगणक ध्वनीचे नमुने एकेक करून हाताळत नाही. साउंड कार्ड ते ‘बफर’ नावाच्या तात्पुरत्या साठ्यात जमवते आणि साठा भरला की प्रोसेसरला हाक देते. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असतील, तर १,०२४ नमुन्यांचा बफर भरण्यास सुमारे २१ मिलिसेकंद लागतात, १२८ नमुन्यांचा तीन मिलिसेकंदांच्या आतच भरतो. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये वेळेवर ऐकू यायचा तर बफर लहान हवा; पण तो जितका लहान तितकी प्रोसेसरला उसंत कमी, आणि एकदा जरी वेळ चुकली तरी ध्वनिमुद्रणात खटका उमटतो.

विंडोजवर मधले थर वगळून हा विलंब कमी करण्याची सोय हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये ‘आसिओ’द्वारे केली. लिनक्सचे दुखणे अधिक खोल होते. त्याचा कर्नल, म्हणजे सर्व कामांचे नियमन करणारा गाभा, स्वतःचे काम सहसा अर्धवट सोडत नसे. त्यामुळे डिस्कवर मोठी फाइल लिहिली जात असताना ध्वनीच्या प्रोग्रामला ताटकळावे लागे, मग प्रोसेसर कितीही वेगवान असो. सरासरी वेगाला येथे किंमत नव्हती. सर्वांत वाईट क्षणी किती थांबावे लागते, एवढाच प्रश्न होता. इंगो मोल्नार यांनी कर्नलमध्ये जागोजागी थांबे घालणारा पॅच, म्हणजे मूळ कोडमधील बदलांचा संच, लिहिला आणि संगीत-सॉफ्टवेअरच्या लेखकांनी २००० मध्ये त्यासाठी सामूहिक पत्रही पाठवले, परंतु मुख्य कर्नलने तो स्वीकारला नाही. रॉबर्ट लव्ह यांची कर्नललाच मध्ये थांबवू देणारी, आणि खरे तर अधिक नेटकी, योजना २००२ मध्ये विकासाधीन आवृत्तीत आली व पुढच्या वर्षअखेरीस २.६ मधून सर्वांपर्यंत पोहोचली.

त्यानंतरचा वाद तांत्रिक कमी आणि अधिकाराचा जास्त होता. ध्वनीच्या प्रोग्रामला इतरांवर मात करणारा ‘रिअल-टाइम’ अग्रक्रम हवा असे, पण तो केवळ प्रशासकाला मिळे, कारण असा अग्रक्रम मिळालेला बिघडलेला प्रोग्राम अख्खे यंत्र गोठवू शकतो. २००५ च्या २.६.१२ आवृत्तीने सामान्य वापरकर्त्यालाही ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत तो देण्याची सोय केली; ‘ऑडिओ’ गटात नाव घालून त्या गटाची मर्यादा वाढवण्याचा, नवख्यांना अनाकलनीय वाटणारा विधी तेथूनच रूढ झाला. मोल्नार, टॉमस ग्लाइक्सनर आदींचा संपूर्ण रिअल-टाइम पॅच मात्र मुख्य कर्नलमध्ये पुरता सामावला तो नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत, आणि तोवर त्याचा पाठपुरावा स्टुडिओंपेक्षा कारखान्यांतील यंत्रनियंत्रणाच्या गरजेने अधिक झाला होता.