मुलांच्या वाट्याचे तेल

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात सर्वतोमुखी आहे. ती पडली व्यापारावरून. कुंडलिकेच्या काठचे हे गाव जुन्या काळी बाजारपेठ म्हणून संपन्न होते, आणि सोन्याचा पाळणा हे त्या संपन्नतेचे रूपक होय. परंतु रूपक क्षणभर बाजूस ठेवले, तर त्या पाळण्यात निजणाऱ्या मुलाच्या तोंडी काय पडत होते, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे. लढाया आणि तह यांचा वृत्तांत सांगत ते वाड्याच्या सदरेपर्यंत येतात. चुलीपर्यंत येत नाहीत. आज औषधांच्या दुकानांत ‘ओमेगा-३’ नावाच्या तेलाच्या गोळ्या मुलांची बुद्धी तीव्र होईल या आशेने विकल्या जातात, आणि शिकवणीच्या शुल्काबरोबर त्यांचाही खर्च आईबाप सोसतात. तेव्हा मुलांस तेल देण्याचा हा प्रघात कोठून आला आणि त्यात तथ्य किती, याचा विचार अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रथम या नावाचे गूढ उकलावे. तेलातील आम्ले म्हणजे कर्बाच्या अणूंच्या लांब साखळ्या. साखळीच्या शेवटच्या टोकापासून मोजता तिसऱ्या अणूपाशी पहिला दुहेरी बंध आढळला तर ते आम्ल ओमेगा-३ वर्गाचे, सहाव्यापाशी आढळला तर ओमेगा-६ वर्गाचे; ओमेगा हे ग्रीक वर्णमालेचे अखेरचे अक्षर आहे. स्निग्ध पदार्थ हे केवळ शरीराचे इंधन, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला पहिला जबर धक्का अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ व १९३० साली दिला. स्निग्धांश मुळीच नसलेल्या अन्नावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटली, त्वचा बिघडली आणि अखेर ते दगावले. काही आम्ले शरीरास स्वतः घडविता येत नाहीत, ती अन्नातूनच आली पाहिजेत, हे त्यावरून सिद्ध झाले.

या आवश्यक आम्लांपैकी ओमेगा-३ वर्गातील वनस्पतिजन्य आम्लाचे नाव अल्फा-लिनोलेनिक. या नावाचे मूळ जवसाच्या ग्रीक नावात आहे, आणि ते यथार्थ आहे. जवसाच्या दाण्यात शेकडा ३५ ते ४० भाग तेल असते व त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग हेच आम्ल असते. भुईमूग, करडई अथवा सूर्यफूल यांच्या तेलांत ते जवळजवळ नसतेच. आणि जवस हे आपल्याकडे काही परके पीक नव्हे. नर्मदाकाठच्या नावडातोली येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत त्याचे दाणे मिळाले आहेत; पुणे जिल्ह्यातील चांदोली येथे १९६० साली झालेल्या उत्खननात तांब्याचे मणी जवसाच्या धाग्यात ओवलेले आढळले. संस्कृतात अतसी, उमा व क्षुमा ही त्याचीच नावे असून क्षुमेचे वस्त्र ते क्षौम. पाणिनीने तर उमेच्या शेतास ‘उम्य’ अथवा ‘औमीन’ अशी खास नावे साधून दिली आहेत. ज्या पिकाच्या शेताची व्युत्पत्ती व्याकरणकारास सांगावी लागली, ते पीक तत्कालीन समाजात किती परिचित असले पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याबरोबर जवसाच्या ओळी पेरीत. त्याचा दाणा घरी आला म्हणजे भाजून, लसूण, मिरची व मीठ घालून कुटावयाचा, आणि ती चटणी भाकरीबरोबर लहानथोरांनी खावयाची, ही येथील जुनी चाल. बाळंतिणीस अळिवाची खीर व लाडू देण्याचा प्रघात महाराष्ट्रभर आहे; त्या अळिवाच्या तेलातही याच आम्लाचा मोठा अंश असतो. आमच्या आज्यांना रसायनशास्त्र अवगत होते असे म्हणण्याचा मोह येथे अनेकांस होतो. तो आवरला पाहिजे. त्यांनी चव, ऋतू आणि शेतात पिकेल ते, यांवरून आहार ठरविला. तो आहार गुणकारी निघाला, यात त्यांच्या अनुभवाचा गौरव आहे. परंतु अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे.

एकोणिसाव्या शतकात जवसाच्या नशिबी निराळाच प्रवास आला. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धामुळे रशियाच्या जवसाची इंग्लंडात टंचाई झाली आणि हिंदुस्थानच्या मालास मागणी वाढली. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि वाळून चिवट पापुद्रा धरते. म्हणून रंग, रोगण आणि पुढे लिनोलियम नावाचे जमिनीवर अंथरावयाचे आवरण यांसाठी ते अमोल ठरले. १९०० साली मनमाडहून जालन्यावरून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग खुला झाला व निजामाच्या राज्यातील हा मुलूख मुंबई बंदराशी जोडला गेला. युरोपातील दारे-खिडक्या ज्या गुणामुळे रंगू लागल्या, तोच गुण स्वयंपाकघरात मात्र दोष ठरतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दुहेरी बंध अधिक म्हणून प्राणवायूशी संयोग त्वरित, आणि म्हणूनच हे तेल लवकर खवट होते; तळणास ते निरुपयोगी. चटणी थोडथोडी व ताजी कुटण्याच्या रीतीत त्यावरचा उपाय आपोआप साधला होता.

इकडे हे चालले असता युरोपात मुलांस दुसरेच तेल पाजण्यात येत होते. कॉड माशाच्या यकृताचे तेल उत्तरेकडील कोळ्यांचे घरगुती औषध होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या रुग्णालयात त्याचा उपयोग संधिवातावर होऊ लागला आणि पुढे मुडदूस झालेल्या मुलांस ते देण्यात येऊ लागले. १९१९ च्या सुमारास एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून या तेलाने मुडदूस टळतो हे दाखविले, व लवकरच त्यातील ‘ड’ जीवनसत्त्व ओळखले गेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने लहान मुलांस हे तेल पुरविण्याची व्यवस्था केली. १९४० साली नॉर्वे जर्मनांच्या हाती गेल्यावर आपल्याकडील आयात आटली, तेव्हा आपल्याच किनाऱ्यावरील मुशी-मोरीच्या यकृतापासून तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. येथे विशेष ध्यानात घ्यावयाचे ते हे, की या तेलाचे यश विशिष्ट उणिवेवरचे होते. उणीव ठाऊक होती, द्रव्य ठाऊक होते, मात्राही ठरविता येत होती. भारत सरकारने १९७० पासून बालकांस ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तोही याच न्यायाने.

ओमेगा-३ ची उणीव मनुष्यात खरोखर होते काय? याचे प्रसिद्ध उदाहरण एका बालिकेचेच आहे, आणि त्यात आमच्या मराठवाड्याची करडई अनपेक्षितपणे डोकावते. अमेरिकेत सहा वर्षांच्या एका मुलीचे आतडे गोळी लागल्यामुळे बरेचसे काढावे लागले. तिचे पोषण शिरेतून होई व त्यात स्निग्धांश म्हणून करडईचे तेल असे. करडईत ओमेगा-६ विपुल, ओमेगा-३ जवळजवळ शून्य. काही महिन्यांत तिच्या अंगास बधिरता आली, दृष्टी अंधुक झाली, चालता येईना. करडईच्या जागी, ओमेगा-३ चा अंश असलेले सोयाबीनचे तेल योजताच ही लक्षणे नाहीशी झाली. राल्फ होल्मन व त्यांचे सहकारी यांनी हा वृत्तांत १९८२ साली प्रसिद्ध केला. यात करडईचा दोष नाही. एकाच तेलावर सर्व भार टाकण्याचा आहे.

परंतु उणीव भरून काढणे वेगळे आणि सुदृढ मुलाची बुद्धी वाढविणे वेगळे. मेंदूत व नेत्रपटलात डीएचए नावाचे ओमेगा-३ आम्ल विपुल असते; ते समुद्रातील माशांत मिळते आणि माशांस ते मूळ सूक्ष्म शेवाळापासून लाभते. एवढ्यावरून गोळीने गुण वाढतील असे अनुमान निघाले. इंग्लंडातील डरहॅम परगण्यात हालचालींच्या समन्वयात अडचण असलेल्या ११७ मुलांवर प्रयोग होऊन २००५ साली वाचन व शुद्धलेखन सुधारल्याचे प्रसिद्ध झाले, आणि आशेस पूर आला. २०१२ साली ऑक्सफर्डशायरमधील ३६२ निरोगी मुलांवर शेवाळापासून काढलेल्या डीएचएचा प्रयोग झाला. एकंदर मुलांत फरक दिसला नाही, फक्त वाचनात अगदी मागे असलेल्या गटात थोडा दिसला. मग तशाच मागे असलेल्या ३७६ मुलांवर तो प्रयोग पुन्हा केला. २०१८ साली त्याचा निष्कर्ष आला तो असा, की लाभ आढळला नाही. ज्या संशोधकांनी आशा दाखविली, त्यांच्यापैकीच काहींनी तिची पुन्हा परीक्षा घेऊन प्रतिकूल निकाल छापला, ही शास्त्राची खरी प्रतिष्ठा होय.

जवसाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. त्यातील आम्लाचे शरीरात डीएचए होते, परंतु फारच थोडे. आईने जवस खाल्ल्याने तिच्या दुधातील डीएचए फारसे वाढत नाही. मासे खाणाऱ्या कोकणी मुलास जे सहज मिळते, ते जालन्याच्या शाकाहारी मुलास केवळ चटणीने मिळेल असे नव्हे. परंतु मूळ आवश्यक आम्लाचा प्रश्न चटणी निश्चित सोडविते. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थेने चार ते आठ वर्षांच्या मुलास दिवसाकाठी ०.९ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल पुरेसे मानले आहे. भाजून बारीक केलेल्या पाच ग्रॅम जवसात, म्हणजे लहानशा चमचाभर चटणीत, तेवढे असते. दाणा अख्खा गिळला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो, म्हणून कुटण्यास महत्त्व.

खेदाची गोष्ट ही, की ही चमचाभर चटणी आता पुष्कळ घरांतून गेली आहे. जालना जिल्ह्याच्या रानात कापूस, सोयाबीन, मका व मोसंबी यांनी जागा व्यापली. जवसास ना भाव, ना आश्रय. शेतकऱ्यास दोष देणे अन्याय होईल. अवर्षणाच्या मुलखात ज्यास पैसा मिळेल ते त्याने पेरावे, हे ओघानेच आले. परंतु परिणाम असा, की जे द्रव्य बांधावर पिकत होते त्याच वर्गाचे द्रव्य शहरातून बाटलीत बंद होऊन परत येते, आणि ते घेण्याची ऐपत ज्यास नाही तो बाप मुलाच्या बुद्धीविषयी उगाच स्वतःस अपराधी मानतो. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबातील मुलास डाळ, दूध व अंडे यांची जी वाण आहे, ती कोणत्याही गोळीने भरून निघणारी नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. तेल देण्यापूर्वी, या मुलास उणीव कशाची आहे, हा प्रश्न आधी विचारावा, आणि तो वैद्यास विचारावा, दुकानदारास नव्हे. यकृताच्या तेलात ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वे असल्याने त्याचा अतिरेक अपायकारकही होतो. आणि शेताच्या कडेला जवसाच्या चार ओळी पुन्हा पेरता आल्या, तर त्या पेराव्यात. त्याने मुले पंडित होतील असे आश्वासन आम्ही देत नाही. त्यांची भाकरी अधिक पुरी होईल, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.