पिंग आणि ट्रेसरूट : प्रतिसाद व मौन यांचा इतिहास

प्रस्तावना

दूरच्या संगणकाकडून पिंगला उत्तर मिळते. मात्र त्याच संगणकापर्यंतचा मार्ग ट्रेसरूटने शोधू गेल्यास पडद्यावर केवळ तारांकने उमटतात, हा नेटवर्क प्रशासकांचा नित्याचा अनुभव आहे. ही विसंगती सहसा यंत्रातील बिघाड मानली जाते. तथापि तिची मुळे या दोन साधनांच्या जन्मकथेत आणि इंटरनेटच्या बदलत गेलेल्या स्वरूपात आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेतला आहे.

दोन साधनांचा उगम

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या 'आरएफसी ७९२' या दस्तऐवजाने आयसीएमपी हा नियमसंच मांडला. प्रतिध्वनीची विनंती व तिचे उत्तर, तसेच 'कालमर्यादा संपली' यासारख्या सूचना त्यात होत्या. जुलै १९८३ मध्ये नॉर्वेतील एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी अशा प्रतिध्वनीने विलंब मोजण्याच्या आपल्या कामाचा ओझरता उल्लेख केला. त्याच डिसेंबरात अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील नेटवर्क विचित्र वागू लागले, तेव्हा माइक म्यूस यांनी पिंग लिहिले. सोनारच्या ध्वनीवरून त्याला हे नाव मिळाले.

पुढे व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या कल्पनेवरून ट्रेसरूट रचले. प्रत्येक राउटर पॅकेटमधील 'टीटीएल' हा आकडा एकाने घटवतो. तो शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन प्रेषकाला तसे कळवतो. हा आकडा १, २, ३ असा वाढवत नेल्यास मार्गातील राउटर क्रमाने उघड होतात. आयसीएमपी संदेशाविषयी पुन्हा आयसीएमपी संदेश पाठवू नये, असे 'आरएफसी ७९२' सांगत असल्याने जेकबसन यांनी यूडीपी पॅकेटे व ३३४३४ पासूनचे पोर्ट वापरले. हे बंधन केवळ त्रुटिसंदेशांपुरते आहे, असा खुलासा १९८९ मध्ये 'आरएफसी ११२२' ने केला. विंडोजमधील ट्रेसर्ट आयसीएमपी प्रतिध्वनीच वापरते. सारांश, पिंग व मूळ ट्रेसरूट एकच प्रश्न विचारीत नाहीत.

स्विच आणि संशयाचे युग

१९९० नंतर इथरनेट स्विचचा प्रसार झाला. स्विच हार्डवेअर पत्त्यावरून पॅकेट पुढे धाडतो. टीटीएलला हात लावीत नाही. म्हणून वाटेत दहा स्विच असले तरी ट्रेसरूटला ते दिसत नाहीत. व्हीलॅनांमध्ये राउटिंग करणारा तिसऱ्या स्तराचा स्विच मात्र एक टप्पा म्हणून मोजला जातो.

१९९८ मध्ये 'स्मर्फ' हल्ल्यांनी प्रतिध्वनीलाच शस्त्र बनविले आणि आयसीएमपी गाळण्याकडे कल वाढला. त्यापूर्वीच, १९९५ च्या 'आरएफसी १८१२' मध्ये राउटरने त्रुटिसंदेशांचा वेग मर्यादित ठेवण्याची तरतूद होती. परस्पर सहकार्यावर उभे असलेले जाळे हळूहळू मौन धारण करू लागले.

मौनाचे वाचन

मधल्या टप्प्यावर तारांकने असून पुढचे टप्पे दिसत असतील, तर तो राउटर पॅकेटे वाहून नेत आहे, केवळ बोलत नाही. मधले राउटर दिसून शेवटीच तारांकने येत असतील, तर गंतव्य संगणकाची किंवा त्याच्या अलीकडची फायरवॉल यूडीपी अडवीत असण्याची शक्यता आहे. आयसीएमपी पद्धतीने ट्रेसरूट चालविल्यास त्याची खातरजमा होते. त्या पद्धतीतही मध्ये सर्वत्र तारांकने व शेवटी केवळ गंतव्य दिसल्यास 'कालमर्यादा संपली' हे संदेश कोठेतरी गाळले जात असावेत, अथवा मधल्या राउटरांना प्रेषकाकडे परतीचा मार्गच ठाऊक नसावा.

निष्कर्ष

पिंगचे उत्तर जाणे-येणे शक्य असल्याचे सांगते. ट्रेसरूटचे मौन मात्र मार्ग तुटल्याचा पुरावा नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेला नियम येथेही लागू पडतो : साधनाचे मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे. हा विवेक सुटला की निर्दोष राउटर बदलला जातो आणि खरा दोष जागीच राहतो. सुरक्षिततेसाठी स्वीकारलेल्या मौनाची किंमत दोष शोधणाऱ्याला मोजावी लागते. म्हणून काय अडवावे याइतकाच काय बोलू द्यावे, हाही नेटवर्क रचनेतील विचाराचा विषय ठरतो.