बाळ ‘काचेत’ असताना ऑक्सिजन मोजूनमापून का देतात?

कोविडकाळात ऑक्सिमीटर घराघरांत पोहोचला. ९८ आकडा दिसला की जीव भांड्यात पडायचा. पण दिवस भरण्याआधी जन्मलेलं, बाहेरून ऑक्सिजन घेणारं बाळ ९८ वर गेलं, तर डॉक्टर ऑक्सिजन कमी करतात. कारण या बाळांसाठी ऑक्सिजन हे औषध आहे. तो कमी पडला तर जिवाला धोका आणि जास्त झाला तर फुप्फुसांना आणि डोळ्यांना इजा.

अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणजे?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यातली जवळपास ३० लाख भारतातली होती. फुप्फुसांच्या आजाराचा सर्वाधिक धोका २८ आठवड्यांआधी जन्मलेल्यांना असतो.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस काय असतो?

शरीर ऑक्सिजन वापरतं तेव्हा ‘फ्री रॅडिकल’ नावाचे अस्थिर कण तयार होतात. ते पेशींचं आवरण, प्रथिनं आणि डीएनएला इजा करतात. त्यांना आवर घालतात ती अँटिऑक्सिडंट द्रव्यं. कण फार आणि आवर घालणारं कमी, ही अवस्था म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

गर्भात ऑक्सिजन बेताचाच असतो. त्यापासून बचाव करणारी एन्झाइम्स गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत वाढतात. बाळ आधीच आलं की ही तयारी अर्धवट राहते. बाहेरच्या हवेत मात्र २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि मशीनवर त्याहून जास्त द्यावा लागू शकतो.

फुप्फुसांचं काय होतं?

फ्री रॅडिकल, व्हेंटिलेटरचा दाब आणि जंतुसंसर्ग यांमुळे कोवळ्या फुप्फुसांना सूज येते आणि हवेच्या पिशव्यांची वाढ खुंटते. या आजाराला ‘ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेसिया’ म्हणजेच बीपीडी म्हणतात. अमेरिकेतल्या डॉ. विल्यम नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. अशा बाळांना कित्येक आठवडे ऑक्सिजन लागतो. घरी गेल्यावरही धाप, घरघर आणि वारंवार छातीचा संसर्ग होऊ शकतो.

मग ऑक्सिजन किती द्यायचा?

१९४० आणि ५० च्या दशकांत मुक्तहस्ते ऑक्सिजन दिल्यामुळे जगभर हजारो बाळांची दृष्टी गेली. गायक स्टीव्ही वंडर त्यांपैकीच एक. पण फार कमी देणंही महागात पडतं. २०१० च्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार कमी आढळला, पण मृत्यू जास्त झाले. त्यामुळे आता साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान पातळी ठेवतात.

अँटिऑक्सिडंटचं औषध देऊन भागत नाही का?

तसे प्रयत्न झाले. ई जीवनसत्त्वाने बीपीडी टळला नाही. अ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांचा थोडा फायदा दिसला. कॅफिनमुळे श्वास नियमित होतो आणि बीपीडीचं प्रमाण घटतं. आईच्या दुधात नैसर्गिक अँटिऑक्सिडंट असतात. आईला दूध कमी असेल तर मिल्क बँकेतलं दूध मिळू शकतं. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयातच सुरू झाली.

गडबसारख्या गावातल्या कुटुंबाने काय करावं?

गडब हे पेण तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. इथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर वडखळमार्गे जावं लागतं. जन्मल्यावर नाजूक बाळ घेऊन हा प्रवास करण्यापेक्षा ते पोटात असतानाच आईला नेणं जास्त सुरक्षित.

- सातव्या-आठव्या महिन्यात कळा आल्या, पाणी गेलं किंवा रक्तस्राव झाला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.
- २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूतीची चिन्हं दिसली, तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी त्याचा पहिला डोस देण्याची मुभा केंद्र सरकारने २०१४ पासून एएनएम ताईंनाही दिली आहे.
- सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि वाहतूक जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे.
- जन्मानंतर महिन्याच्या आत बाळाचे डोळे तपासून घ्या. पडदा एकदा सुटला की दृष्टी वाचवणं कठीण असतं.
- घरी आल्यावर चूल, विडी-सिगारेट आणि अगरबत्तीचा धूर बाळापासून लांब ठेवा. लस चुकवू नका.

बाळ ‘काचेत’ असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा: ‘ऑक्सिजन किती टक्के चालू आहे आणि बाळाची पातळी किती आहे?’ हे दोन आकडे वेगळे असतात. मशीनचा आकडा हळूहळू २१ कडे उतरत असेल आणि बाळाची पातळी टिकून असेल, तर फुप्फुसं सावरत आहेत.