लोणारची दैत्यकथा : स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून एक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रात असे गाव विरळाच, की जेथे एखादा बुरूज, बारव, डोंगर किंवा दगड यांच्याशी निगडित अशी एखादी विलक्षण कथा सांगितली जात नाही. स्थानिक इतिहासाचे लेखन करताना या कथांचे काय करावयाचे, हा प्रश्न अभ्यासकासमोर नेहमीच उभा राहतो. काही अभ्यासक अशा कथांना भाकडकथा मानून बाजूला सारतात, तर काही त्यांत प्राचीनांचे लुप्त विज्ञान शोधू लागतात. या दोन्ही टोकांमुळे कथेचे ऐतिहासिक मूल्य हरवते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. लोणारची दैत्यकथा, तेथील क्षारांचा व्यवहार आणि सरोवराच्या उत्पत्तीविषयीचे विज्ञान यांचा परस्परसंबंध तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

लोणासुराची कथा

लोणारच्या स्थळकथेनुसार लोणासुर नावाचा दैत्य भूमीच्या पोटात विवर करून राहत असे आणि बाहेर पडून देवादिकांना व प्रजेला त्रास देत असे. त्याच्या निर्दालनासाठी विष्णूने दैत्यसूदन नावाच्या सुंदर तरुणाचे रूप घेतले. दैत्याच्या दोन बहिणी त्याच्यावर मोहित झाल्या व त्यांनीच भावाचे गुप्त निवासस्थान सांगितले. विष्णूने पायाच्या अंगठ्याने विवरावरील झाकण उडविले आणि दैत्याचा वध करून त्याला तेथेच गाडले. उडालेले झाकण दूर जाऊन पडले व त्याची टेकडी झाली. सरोवराचे पाणी म्हणजे दैत्याचे रक्त आणि त्यातील क्षार म्हणजे त्याचे कुजलेले मांस, अशी समजूत ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही नोंदविलेली आढळते. गावातील चालुक्य-यादव काळातील मंदिर दैत्यसूदनाच्याच नावाने ओळखले जाते. तारकाकृती तलविन्यास असलेल्या या मंदिरामुळे कथेला शिल्पबद्ध अधिष्ठान प्राप्त झाले आहे.

या कथेतील तपशील लक्षपूर्वक वाचल्यास त्यामागे सूक्ष्म निरीक्षण असल्याचे दिसून येते. सरोवराचे विवर जवळपास वर्तुळाकार असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे १५० मीटर आहे. सपाट पठारावर अकस्मात समोर येणारे हे विवर पाहून भांड्यावरील झाकण काढल्याची कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. पाण्याचा खारटपणा, उग्र वास आणि काठावरील क्षारांचे थर यांचेही स्पष्टीकरण कथेने आपल्या परीने दिले आहे. लोणार हे नावच मुळी ‘लवण’ या शब्दाशी नाते सांगते. दैत्याच्या नावातही तेच लवण आहे. म्हणजे कथेचा खरा नायक विष्णू असला, तरी तिचा खरा विषय मीठ हा आहे.

क्षारांचा व्यवहार

या विषयाला पुष्टी देणारी महत्त्वाची नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’त केली आहे. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख करताना तो येथे काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ मिळतात व त्यापासून चांगला महसूल येतो, असे सांगतो. त्याच ओघात ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात आणि डोंगरावर पशुमुखातून वाहणारा झरा आहे, हेही तो नोंदवितो. सोमवारी अमावास्या आली की या झऱ्याचे पाणी मोठ्या तलावात जाते, ही लोकसमजूतही त्याने वगळलेली नाही. तीर्थ, महसूल आणि नवल या तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात देणारा हा लेखक आजच्या स्थानिक इतिहासकाराला बरेच काही शिकवून जातो.

सरोवराच्या काठावरील ‘सासू-सुनेची विहीर’ हीदेखील अशाच नवलाची वस्तू होय. एकाच विहिरीत एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारे, म्हणून तिला हे नाव पडले, असे सांगतात. विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरे आहेत आणि तळाशी खारे सरोवर आहे. या दोन पाण्यांचे सान्निध्य गावकऱ्यांनी घरातील परिचित नात्याच्या भाषेत सांगितले. येथेही निरीक्षण खरे असून त्याची मांडणी लौकिक आहे.

विज्ञानाचा प्रवास

इ. स. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद घेतली. पुढे दीर्घ काळ हे विवर ज्वालामुखीजन्य मानले जात होते. इ. स. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारशी तुलना केली, ती ज्वालामुखीय स्फोटाच्या संदर्भात. इ. स. १९७३ मध्ये येथील खडकांत तीव्र आघातानेच तयार होणारे मास्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताचा सिद्धांत दृढ झाला. विवराचे वय प्रथम सुमारे ५२,००० वर्षे मानले गेले. पुढे आर्गॉन पद्धतीच्या कालमापनातून ते सुमारे ५,७०,००० वर्षे असल्याचे मांडण्यात आले.

हा आकडा इतिहासाच्या अभ्यासकासाठी निर्णायक आहे. आकाशातून काहीतरी कोसळल्याची स्मृती लोणासुराच्या कथेत जपली गेली आहे, असे अलीकडे वारंवार लिहिले जाते. परंतु आधुनिक मानवाचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. ५,७०,००० वर्षांचे कालमापन स्वीकारल्यास उल्कापात पाहणारा आणि त्याची कथा सांगणारा मानवसमाजच त्या वेळी अस्तित्वात नव्हता. शिवाय कथेत वरून खाली काहीच पडत नाही. उलट, झाकण खालून वर उडते. कथेतील शब्दांशी प्रामाणिक राहिल्यास उल्केचा अर्थ तिच्यावर लादता येत नाही.

इ. स. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा दैत्याच्या रक्ताची कथा पुन्हा अनेकांना आठवली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीअंती हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे स्पष्ट केले. पाण्याचा असा रंगबदल पूर्वीही कोणी पाहिला असेल आणि रक्ताची कल्पना त्यातून आली असेल, अशी शक्यता मांडता येते. मात्र ती शक्यताच आहे, पुरावा नव्हे, हे भान ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. लोणासुराची कथा विवराच्या उत्पत्तीचा पुरावा ठरत नाही. ती येथे वस्ती करून राहिलेल्या समाजाच्या भूदृश्यविषयक निरीक्षणाचा पुरावा आहे.

२. कथा, मंदिर आणि महसुलाची नोंद ही साधने एकत्र वाचल्यास लोणारच्या इतिहासाचे केंद्र क्षार हेच असल्याचे स्पष्ट होते.

३. कथेला विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळवून देण्याच्या प्रयत्नात कथेचीच मोडतोड होते.

इ. स. २००० मध्ये लोणारला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. निसर्गाच्या रक्षणासाठी हे योग्यच आहे. परंतु क्षार काढणे, वाळविणे, त्यांची प्रतवारी करणे व ते बाजारात नेणे यांविषयीचे ज्ञान ज्यांच्या घराण्यांत होते, त्यांच्या स्मृतींचे रक्षण कोणत्याही यादीने होत नाही. स्थळकथा पुस्तकांतून टिकून राहील, पण तिच्यामागील श्रमाची भाषा मात्र बोलणाऱ्यांबरोबरच लुप्त होईल. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून या मौखिक परंपरेचे संकलन वेळीच हाती घेतल्यास लोणारच्या इतिहासातील ही उणीव काही अंशी भरून निघू शकेल.