टायगर मॉथ : शिकाऊ वैमानिकांचे विमान

टायगर मॉथ या दुपंखी विमानाचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन विमानतळावर झाले. विमान डी हॅविलंड कंपनीचे होते आणि उड्डाण केले कंपनीचे वैमानिक ह्युबर्ट ब्रॉड यांनी. कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलंड यांना पतंग, म्हणजे इंग्रजीत ‘मॉथ’, या कीटकांच्या अभ्यासाचा छंद होता, म्हणून त्यांच्या हलक्या विमानांना पतंगांची नावे मिळाली. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा ज्या विमानातून कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते पुस मॉथही याच कुळातले.

टायगर मॉथचा आराखडा आधीच्या जिप्सी मॉथवरून निघाला. जिप्सी मॉथ हौशी वैमानिकांचे लाडके विमान होते, पण लष्करी प्रशिक्षणाला त्याची एक अडचण होती. पुढच्या आसनावर बसणाऱ्याच्या थेट डोक्यावर वरच्या पंखाचा मधला भाग आणि त्यातली पेट्रोलची टाकी येई. आजूबाजूला पंख पेलणारे दांडे. पाठीला पॅराशूट बांधलेल्या माणसाला संकटात तिथून झटकन बाहेर पडता येत नसे. ब्रिटिश हवाई दलाला हे मान्य नव्हते. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग आणि त्याचे दांडे पुढे सरकवण्यात आले. पण पंख पुढे गेला की हवेची उचल जिथे एकवटते तो बिंदूही पुढे जातो आणि विमानाचा तोल बिघडतो. त्यावर उपाय म्हणून पंखांची टोके मागे झुकवली गेली. टायगर मॉथ बाजूने पाहताच ओळखू येते ते या मागे कललेल्या पंखांमुळे. वेगाशी त्यांचा काही संबंध नाही. पुढच्या आसनावरच्या शिक्षकाला उडी मारता यावी म्हणून ते तसे झाले.

सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी आणि वर ताणून बसवलेले कापड. पंखांचा विस्तार २९ फूट ४ इंच, रिकाम्या विमानाचे वजन ५०० किलोंच्या आसपास, कमाल वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर. सुधारित आवृत्तीत १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन आले. त्याचे चारही सिलिंडर उलटे, खाली तोंड करून बसवलेले असल्यामुळे नाकाचा भाग उतरता राहिला आणि वैमानिकाला समोरचे जरा बरे दिसू लागले. इंधनासाठी पंप नव्हता. टाकी वरच्या पंखात असल्याने पेट्रोल आपसूक खाली येई. ब्रेक नव्हते, शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी होती. शिक्षक पुढे आणि विद्यार्थी मागे बसे. बोलणे रबरी नळीतून चाले.

इंजिन सुरू करणे हा दोन माणसांचा कार्यक्रम असे. चाकांना ठोकळे लावलेले असत. मेकॅनिक आधी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून थेंब खाली पडेपर्यंत थांबे, मग स्विच बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने काही वेळा फिरवी. स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे त्यांची स्थिती त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. त्यानंतर तो ‘कॉन्टॅक्ट’ असे ओरडे, वैमानिक तोच शब्द उच्चारून स्विच चालू करी आणि मेकॅनिक पंख्याला जोराचा झटका देऊन लगेच मागे सरे.

हे विमान उडवायला सोपे, पण नीट उडवायला अवघड होते आणि शिकवण्याच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण. विमान कलते करणाऱ्या झडपा फक्त खालच्या पंखांना असल्यामुळे ते वैमानिकाच्या हातातल्या नियंत्रण-दांड्याला संथपणे प्रतिसाद देई. वळताना पायाने सुकाणू बरोबर दाबले नाही, तर विमान बाजूला घसरे आणि उघड्या कॉकपिटमध्ये वाऱ्याचा झोत गालावर आदळे. चूक अशी लगेच कळे, पण सहसा जिवावर बेतत नसे. वेग कमी झाला की वरच्या पंखावरच्या स्लॅट आपोआप उघडत आणि पंखाची उचल टिकून राही. १९४१ मध्ये मात्र गिरकीतून बाहेर येताना त्रास होत असल्याचे लक्षात आले, तेव्हा शेपटीच्या पुढे दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवण्यात आल्या.

महायुद्ध सुरू झाल्यावर मागणी अफाट वाढली. डी हॅविलंडला आपला कारखाना इतर विमानांसाठी हवा होता, म्हणून ब्रिटनमधले काम काउली येथील मॉरिस मोटर्सकडे गेले. या मोटार कारखान्याने सुमारे ३,५०० विमाने बांधली. ऑस्ट्रेलियात हजाराहून अधिक तयार झाली. कॅनडाच्या थंडीसाठी सरकते काचेचे छत, कॉकपिटमध्ये ऊब आणि चाकांना ब्रेक अशी वेगळी आवृत्ती निघाली. एकूण उत्पादन ८,००० च्या पुढे गेले. डिसेंबर १९३९ मध्ये ठरलेल्या राष्ट्रकुल प्रशिक्षण योजनेखाली एकट्या कॅनडात १,३१,००० हून अधिक विमानकर्मी शिकून बाहेर पडले. त्यातल्या असंख्य वैमानिकांचे पहिले धडे टायगर मॉथवर झाले. भारतात बेगमपेट आणि जोधपूर येथील प्राथमिक उड्डाणशाळांतही हेच विमान होते.

याची दुसरी रूपेही निघाली. ‘क्वीन बी’ हे लाकडी सांगाड्याचे, रेडिओने चालणारे बिनवैमानिक विमान तोफखान्याच्या नेमबाजीसाठी वापरले जाई. १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या धास्तीने काही टायगर मॉथना छोटे बॉम्ब टांगण्याची सोय केली गेली; सुदैवाने ती वेळ आली नाही.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये चिपमंक या विमानाने त्याची जागा घेतली. उरलेली विमाने स्वस्तात विकली गेली. न्यूझीलंडमध्ये ती डोंगराळ कुरणांवर खत टाकू लागली, भारतात फ्लाइंग क्लबांकडे गेली. भारतीय हवाई दलात त्यांची जागा घेणारे एचटी-२ हे हिंदुस्तान एअरक्राफ्टचे विमान १९५१ मध्ये उडाले. त्याचे आरेखन डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाले. कोल्हापूर जिल्ह्यातून निघालेले घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले होते. एचटी-२ धातूचे आणि एकपंखी होते. शिक्षक-विद्यार्थी पुढे-मागे बसण्याची पद्धत मात्र त्यातही कायम राहिली. हवाई दलाने आपले एक जुने टायगर मॉथ पुढे दुरुस्त करून घेतले आणि २०१२ च्या हवाई दल दिनी ते हिंडन येथे उडाले.